सातच्या दारातून एकच गेली

मुमताज,

तुझ्या निधनाची बातमी मीच पाठवली. आधी चार ओळी होत्या. जन्मगाव दासगाव, पोलादपूर खोऱ्यातल्या शाळेत गणिताच्या निवृत्त शिक्षिका, दीर्घ आजार, पश्चात पती आणि मुलगी. पाचवी ओळ मी नंतर जोडली. त्या ओळीतल्या एका शब्दावरून आमच्या पेपरच्या डेस्कचा फोन आला. त्या फोनवर काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून हे लिहिते आहे. पण ते शेवटी. आधी क्रमाने.

शब्द होता 'एकमेव'.

आपली ओळखही याच शब्दाने करून दिली. दहावीच्या निकालांचे दिवस होते. आमच्या पेपरात छापून आलं की शंभर टक्के निकाल लावणारी अमुक शाळा ही परिसरातली एकमेव. बातमी माझी नव्हती, मी नुकतीच महाडला बदलून आले होते. खुलासा मात्र माझ्या वाट्याला आला, कारण दुसऱ्या दिवशी तू कार्यालयाच्या दारात उभी होतीस आणि आत मी एकटीच होते.

"एकमेव कोणी लिहिलं?"

"बसा ना, बाई."

"बसायला नाय आले. आमच्या पोरांचा निकाल पण शंभर टक्केच हाय. मग ती शाळा एकमेव कशी? दोन-दोन एकमेव असतात काय गो?"

तू निकालपत्रक टेबलावर ठेवलंस. मी खुलासा लिहिला. तो तू मला मोठ्याने वाचायला लावलास, एक स्वल्पविराम बदलायला लावलास, आणि मग शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणालीस, "आता पाणी घेईन." रागावलीस की तू दासगावची व्हायचीस आणि शांत झालीस की पाठ्यपुस्तकाची. हे माझ्या त्याच दिवशी लक्षात आलं.

त्यानंतर मी स्वतःपुरता नियम केला. 'पहिला', 'सर्वांत मोठा' आणि 'एकमेव' हे तीन शब्द पुराव्याशिवाय माझ्या बातमीत येणार नाहीत. पुढे डेस्कवर नवी मुलं आली की त्यांनाही हेच सांगू लागले. पहिले दोन कधीमधी आले. तिसरा आला नाही. त्याचा पुरावा फार अवघड असतो. एखादी गोष्ट आहे हे दाखवायला ती एकदा दिसली तरी पुरते. तिच्यासारखी दुसरी नाही हे दाखवायला सगळीकडे जाऊन यावं लागतं.

हेच मी तुला बऱ्याच वर्षांनी वीर स्टेशनवरून महाडला येणाऱ्या रिक्षात सांगितलं. मी मुंबईची मीटिंग आटोपून येत होते, तू मुलीकडून. गाडी एकच होती हे उतरल्यावर कळलं. रिक्षा हायवेला लागायच्या आत तू सुरू झालीस.

"एक गंमत सांगते. शून्य ते नऊ, दहाही अंक एकेकदाच वापरायचे आणि दहा अंकी संख्या करायची. अट अशी, की तिच्या पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनने भाग गेला पाहिजे, पहिल्या तीनच्या संख्येला तीनने, चारच्या संख्येला चारने, असं शेवटपर्यंत. अख्ख्या संख्येला दहाने."

"आहे अशी?"

"लिही." मी पेपरच्या कडेला लिहिलं. ३८१६५४७२९०. तू बोटाने एकेक अंक उघडत गेलीस. अडतीसला दोन. तीनशे एक्क्याऐंशीला तीन. तीन हजार आठशे सोळाला चार. पाच आणि सहापर्यंत मी मान डोलवली. तेवढ्यात रिक्षावाल्याने आरशातून बघत म्हटलं, "बाई, सातनं बघा. सातनं काय कधी जात नाय."

"तुम्ही रस्त्याकडे बघा," तू म्हणालीस. "अडतीस लाख सोळा हजार पाचशे सत्तेचाळीस. भागिले सात. पाच लाख पंचेचाळीस हजार दोनशे एकवीस. बाकी शून्य."

"आयला," रिक्षावाला म्हणाला. आठ, नऊ आणि दहाने भाग जाईपर्यंत तोही आपल्यात होता.

मग तू ते वाक्य बोललीस. "आणि अशी ही एकमेव आहे."

"कोणी सांगितलं?"

"मला सापडली."

"सापडली म्हणजे आहे, एवढंच झालं. दुसरी नाही, हे तू पाहिलंस?"

"मला वाटतं."

"वाटतं हे आम्ही छापत नाही."

पुढचा सगळा रस्ता तू बाहेर बघत होतीस. महाडला उतरताना एवढंच म्हणालीस, "तू बातमीदार हायस का फौजदार?"

त्या रात्री तू हिशेब केलास आणि सकाळी फोनवर सांगितलास. दहा अंक छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे प्रकारे मांडता येतात. मी म्हटलं, आमच्या कार्यालयात एक मुलगा आहे, कॉम्प्युटरवर सगळ्या मांडण्या तपासून चहा यायच्या आत उत्तर देईल. शिवाय जगात कुणीतरी हे आधीच सोडवलेलं असणार. दोन्ही गोष्टी तुला माहीत होत्या. तुझं म्हणणं वेगळं होतं.

"वंदना, मी आयुष्यभर उत्तरं बरोबर आणली. ती सगळी पुस्तकाच्या शेवटी छापलेली होती. हे एक मला शेवटची पानं न बघता पाहिजे. कॉम्प्युटर सांगेल, एकच आहे. का एकच आहे, ते सांगेल काय?"

तेव्हा तुझी मूत्रपिंडं काम सोडू लागली होती. हे तू मला त्याच फोनवर, हिशेबाच्या पुढच्या वाक्यात, त्याच आवाजात सांगितलंस. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणालीस, "ते डॉक्टर बघतील. हे मला बघायला हवं."

तुझी साधनं म्हणजे पत्र्याचे दहा तुकडे. आखातातून परत आल्यावर तुझ्या नवऱ्याने, सलीमभाईंनी, हायवेला नंबरप्लेटचं दुकान टाकलं होतं. टाकून दिलेल्या जुन्या प्लेटांतून त्यांनी तुला दहा अंक कापून दिले होते, शाळेतल्या पोरांना संख्या लावून दाखवायला. पुरात सावित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा त्यातला सात वाहून गेला. नवा सात टॅक्सीच्या प्लेटचा मिळाला. नऊ अंक पांढऱ्यावर काळे आणि सात पिवळ्यावर. ओट्यावर रांग लावलीस की सात लांबून ओळखू यायचा.

मी रविवारी यायचे. तू तुकडे सरकवायचीस, मी शंका काढायचे, सलीमभाई चहा आणायचे आणि टोमणे मारायचे. "लोकांच्या बायका टीव्ही बघतात. माझी सकाळपासून आठ कुठं बसवायचा बघते."

"तुम्ही सांगा मग कुठं बसवायचा."

"माझी तर ठरलेली हाय. नऊ, आठ, सात, सहा, सरळ उतरत खाली शून्यापर्यंत. दिसायला पण चांगली. प्लेटवर घातली तर लोक वळून बघतील."

तू मात्र छत्तीस लाखांना एकेक करून हात लावणार नव्हतीस. तुला त्यांना घाऊक बाद करायचं होतं. दहाने भाग जायचा तर शेवटी शून्य. पाचने जायचा तर पाचव्या जागी पाच, कारण शून्य आधीच बसलेला. "दोघांची घरं पक्की झाली," तू म्हणालीस. मग दोन, चार, सहा आणि आठ. या जागांवर सम अंकच चालतात, आणि शून्य गेल्यावर सम अंक उरतात नेमके चार. म्हणजे उरलेल्या जागा एक, तीन, सात आणि नऊ या विषम अंकांच्या. एवढ्या बोलण्यात छत्तीस लाखांच्या पाचशे शहात्तर झाल्या. मी तो गुणाकार तपासला. बरोबर होता.

"आता फौजदारबाई गप्प का?"

"पाचशे शहात्तर म्हणजे एकमेव नाही."

पुढचं वळण तुला डायलिसिसच्या खाटेवर सुचलं. एक हात बांधलेला, म्हणून कागद नाही, सगळं डोक्यात. चारने भाग जायचा तर चौथा अंक दोन किंवा सहाच हवा, कारण त्याच्या आधी विषम अंक आहे. आठच्या कसोटीमुळे आठव्या जागीही तीच दोन नावं. म्हणजे चार आणि आठ हे दोघे दुसऱ्या आणि सहाव्या जागेवर ढकलले गेले. मग तीनची कसोटी. पहिल्या तीन अंकांची बेरीज तीनच्या पाढ्यात, पहिल्या सहांचीही, म्हणून मधल्या तिघांचीही. मधला पाच ठरलेला. तेव्हा ते तिघे ६५४ किंवा २५८. तिसरं काही नाही.

हे तू मला घरी आल्यावर ओट्यावर लावून दाखवलंस. उरलेले विषम अंक तीनच्या आणि आठच्या कसोटीतून काढल्यावर दहा संख्या राहिल्या. छत्तीस लाखांतल्या दहा. या दहाही संख्या सात सोडून प्रत्येक कसोटी पार करतात. सलीमभाईंची उतरती ९८७६५४३२१० सुद्धा त्यांत होती. तिचे पहिले आठ अंक आठने भागले तर उत्तर १२३४५६७९ येतं. ते बघून सलीमभाई खुर्चीतून उठले.

"बघ! मी काय सांगत होतो? दिसण्यावरून कळतं."

"सातने भागा."

त्यांनी खडूने ओट्यावरच भागलं. बाकी पाच. दोनदा भागलं. बाकी पाच. मग पिवळ्या सातकडे बघून म्हणाले, "हा टॅक्सीवाला पहिल्यापासून आडमुठाच."

मला त्या दुपारी हे सगळं एकदम दिसलं. दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा या सगळ्यांना काही ना काही युक्ती आहे. शेवटचा अंक बघा, बेरीज बघा. सातला तशी सोपी युक्ती नाही, तिथे भागूनच पाहावं लागतं. दहाही संख्या सातच्या दारात उभ्या होत्या, आणि तुझा 'एकमेव' त्या दारावर अवलंबून होता. दोन संख्या आत गेल्या असत्या तर तुझी दोन वर्षं एका चुकीच्या वाक्यासाठी गेली असती.

त्यानंतर तुझा दवाखान्यातून फोन आला. आवाज सपाट होता.

"वंदना, दुसरी सापडली."

"कुठली?"

"फोनची बटणं बघ. डावीकडचा रकाना खालून वर, सात चार एक. मधला वरून खाली, दोन पाच आठ. उजवा खालून, नऊ सहा तीन आणि शेवटी शून्य. आपल्या दहांतलीच आहे. सातने भाग जातो. तीन-तीनचे गट करून वजाबाकी केली, तिला सातने भाग गेला की संख्येलाही जातो. सातशे एक्केचाळीस वजा दोनशे अठ्ठावन्न, चारशे त्र्याऐंशी. सात गुणिले एकोणसत्तर." मग, "तू जिंकलीस. एकमेव नाय."

मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. पण काय वाटलं ते सांगण्याआधी हात सवयीने कामाला लागला. आमच्याकडे फोनवरून आलेला आकडा तसाच घेत नाहीत. सांगणाऱ्याकडून एकेक अंक पुन्हा वदवून घेतात आणि मोजतात. पुराच्या पातळीपासून मतमोजणीपर्यंत मी हेच केलं होतं.

"भागलेली संख्या परत सांग. एकेक अंक."

"सात. चार. एक. दोन. पाच. आठ."

"पुढे?"

"पुढे काय? बाकी शून्य."

"मुमताज, हे सहा झाले. सातने भागायला सात अंक लागतात. सातवा कुठे आहे?"

मशीनच्या आवाजात तू पुन्हा भागायला लागलीस. मग तू पुटपुटलीस. नऊ. सात एके सात. बाकी दोन. मग तू ओरडलीस, "नऊ राहिला गो! नऊ राहिला! बाकी दोन!" कुणी सिस्टर धावत आली असावी, कारण तुझा आवाज फोनपासून लांब गेला आणि मला ऐकू आलं, "काय नाय झालं, सिस्टर, बाकी दोन आली!"

ती आनंदाने ओरडलेली बाकी मी विसरणार नाही. तुझ्या संख्येला सर्वांत जवळून धोका दिला तो या बटणांच्या संख्येने. तिच्या पहिल्या सहा अंकांना सातने भाग जातो. एका अंकाने ती दारातून परत गेली.

तू घरी आल्यावर आपण दहाही पुन्हा तपासल्या. सलीमभाई वाचत होते, तू भागत होतीस, मी वेगळ्या कागदावर भागत होते. शेवटी तुझी ३८१६५४७. दोन्ही कागदांवर बाकी शून्य. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सलीमभाई आत गेले आणि तुझ्या जावेने पाठवलेली सांदणं घेऊन आले. तू मला पहिलं दिलंस.

"आता छाप."

"छापते. पण निमित्त काय? नुसती सिद्धता बातमी होत नाही. कार्यक्रम, सत्कार, काहीतरी लागतं."

"निमित्त मी देईन गो. घाई नको करू."

सलीमभाई म्हणाले, "असलं बोलू नको." तू सांदण तोडत होतीस. मी विषय बदलला.

आपला एक वाद अर्धवट राहिला. मी म्हटलं होतं, की माणसाला दहा बोटं म्हणून आपण दहा अंकांनी मोजतो. आठ बोटं असती तर ही संख्या अशी राहिलीच नसती, मग तिचं एवढं काय? तू म्हणालीस, "भाकरी पण माणसाच्या हातानंच होते. म्हणून तिनं पोट भरत नाय काय?" मी म्हटलं, विचार करून सांगते. अजून उत्तर सापडलेलं नाही. आता वाटतं की उत्तर न सापडणं हेच तुझं म्हणणं होतं. तू इथे असतीस तर 'वाटतं' म्हटल्याबद्दल मला सोडलं नसतंस.

आणखी एक राहिलं. माझं काम शंका घेण्याचं आहे. माणसं त्याला कंटाळतात, आणि त्यांचं चुकत नाही. तू एकटीच अशी भेटलीस जिने माझी शंका अपमान म्हणून घेतली नाही. रिक्षात घेतलीस, पण ती महाडपर्यंतच. पुढे ती तू कामाला लावलीस. याबद्दल आभार मानायचे होते. रविवार पुष्कळ होते, म्हणून मानले नाहीत.

आता तो फोन.

बातमी पाठवून अर्धा तास झाला असेल. डेस्कवरचा उपसंपादक, ज्याला मीच कधीतरी ते तीन शब्द शिकवले होते, अवघडलेल्या आवाजात बोलत होता.

"ताई, वाईट झालं. पण पाचव्या ओळीत 'एकमेव' आहे. तुम्हीच सांगितलंय, आधार विचारायचा. विचारू का?"

"विचार."

"आधार काय?"

"कागद घे."

मी त्याला शून्यापासून सांगितलं. शून्याचं घर, पाचचं घर, सम जागा, ६५४ किंवा २५८. तो मध्येच "थांबा, थांबा" म्हणायचा, तपासायचा आणि "हं" म्हणायचा. त्याचा 'हं' ऐकून मला तुझा वर्ग काय असेल ते कळलं. दहा संख्या उरल्यावर तो म्हणाला, "कॅल्क्युलेटरवर टाकतो."

"हाताने भाग. बाईंची अट आहे."

मग मला फोनमधून सातचा पाढा ऐकू येऊ लागला. तो प्रत्येक संख्येची बाकी सांगत होता आणि मी सवयीने परत उच्चारत होते. पाच. दोन. चार. पाच, ही सलीमभाईंची. सहा. दोन. सहा. सहा. बटणांच्या संख्येला मी म्हटलं, "सातही अंक घेतलेस ना?" तो म्हणाला, "घेतले. बाकी दोन." मागे कुणीतरी विचारलं, काय चाललंय? तो म्हणाला, "थांब रे, शेवटची राहिलीय."

अडतीस लाख सोळा हजार पाचशे सत्तेचाळीस.

त्याने वेळ घेतला. मी घाई केली नाही.

"शून्य," तो म्हणाला. मग लगेच, "ताई, शून्य आली!"

"मग?"

"मग काय. ठेवतो शब्द."

सकाळी पेपर घेऊन तुझ्या घरी गेले. जियारतीच्या प्रार्थनेला येणारी माणसं अजून यायची होती. सलीमभाईंनी चष्मा पुसला आणि पाचवी ओळ ओट्यावर बसून मोठ्याने वाचली. वाचताना संख्येचा एकेक अंक वेगळा उच्चारला, जसा तू उच्चारायचीस. सातपाशी थोडे थांबले.

"शून्य ते नऊ हे अंक एकेकदाच वापरून तयार होणारी, आणि जिच्या पहिल्या दोन अंकांना दोनने, तीन अंकांना तीनने, अशा रीतीने दहा अंकांना दहाने निःशेष भाग जातो अशी ३८१६५४७२९० ही एकमेव संख्या आहे, हे त्यांनी हाताने सिद्ध केले होते."

"एकमेव," सलीमभाई पुन्हा म्हणाले. "आता कोण तक्रार घेऊन आला तर?"

मी म्हटलं, "येऊ दे. या शब्दाला खुलासा लागणार नाही."